तीनाचे दोन होण्याआधी: बिली मॅक्रॅकन आणि ऑफसाइडचा नियम

फुटबॉलमध्ये ऑफसाइड म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी कॅरमच्या सोंगट्या काढतो. जेवणाचं टेबल म्हणजे मैदान. काळ्या सोंगट्या बचाव करणाऱ्या संघाच्या, पांढऱ्या हल्ला करणाऱ्यांच्या, लाल राणी म्हणजे चेंडू आणि गोलच्या तोंडाशी ठेवलेला स्ट्रायकर म्हणजे गोलकीपर. टीव्हीवर पडद्यावर रेघा ओढल्या जातात, कुणाचा तरी खांदा दोन बोटं पुढे निघतो आणि झालेला गोल रद्द होतो. त्या रेघांकडे कितीही बघितलं तरी नियम कळत नाही. सोंगट्यांनी मात्र पाच मिनिटांत कळतो.

परवा भाची आली होती, तिला आधी आजचा नियम दाखवला. आपला खेळाडू पुढे पास देतो, त्या क्षणी पास घेणारा समोरच्या संघाच्या अर्ध्या भागात आणि चेंडूच्याही पुढे असेल, तर त्याच्यापासून गोलरेषेपर्यंत समोरच्या संघाचे निदान दोन जण असायला हवेत. बहुतेक वेळा त्यातला एक गोलकीपर असतो. म्हणजे खरा हिशेब उरतो एका बचावपटूचा: तो तुमच्या पुढे किंवा बरोबरीत हवा. नसेल तर शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांना.

हा हिशेब पूर्वी असा नव्हता. दोनाच्या जागी तीन होते. १८६६ पासून १९२५ पर्यंत, तब्बल एकोणसाठ वर्षं तीनच होते. तीनाचे दोन का झाले हे सांगायचं, तर बेलफास्टच्या एका फुलबॅकची, म्हणजे मागच्या फळीतल्या बचावपटूची, गोष्ट सांगावी लागते. त्याचं नाव विल्यम मॅक्रॅकन. सगळे त्याला बिली म्हणायचे.

नियमातल्या एका आकड्याने खेळ एवढा बदलतो का, असं वाटेल. कबड्डी बघणाऱ्याला तरी वाटू नये. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच चढाई करणाऱ्याला बोनस मिळतो, आणि तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर सुपर टॅकलचा जादा गुण. सहाचे पाच झाले, चाराचे तीन झाले, की तोच खेळाडू वेगळा खेळायला लागतो, कारण जोखमीचं गणित बदललेलं असतं. मॅक्रॅकनने त्याच्या काळातल्या फुटबॉलमधलं हे गणित इतरांपेक्षा नीट सोडवलं. सगळी कारकीर्द त्याला त्याबद्दल शिव्या खाव्या लागल्या. माझं मत विचाराल तर खोट नियमात होती, त्याच्यात नव्हती.

त्याचा जन्म बेलफास्टमधला, २९ जानेवारी १८८३ चा. जहाजबांधणीचं आणि लिनन कापडाच्या गिरण्यांचं हे शहर. सगळं आयर्लंड तेव्हा ब्रिटिश सत्तेखाली होतं आणि फाळणी अजून व्हायची होती. त्यामुळे त्या काळचा फुटबॉलमधला ‘आयर्लंड’ म्हणजे बेलफास्टच्या आयरिश फुटबॉल असोसिएशनने निवडलेला संघ. डब्लिनची वेगळी संघटना १९२१ मध्ये निघाली. मॅक्रॅकन शेवटपर्यंत बेलफास्टवाल्या संघाकडून खेळला, म्हणून आजच्या याद्यांमध्ये त्याचं नाव उत्तर आयर्लंडच्या खात्यावर दिसतं.

त्याचा पहिला मोठा क्लब डिस्टिलरी. नाव सरळ अर्थाने घ्या: बेलफास्टच्या डनव्हिल कंपनीच्या व्हिस्कीच्या कारखान्यातल्या लोकांनी काढलेला हा संघ. १९०२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मॅक्रॅकन आयर्लंडकडून खेळला. पुढच्या वर्षी डिस्टिलरीने आयरिश लीगही जिंकली आणि आयरिश कपही. १९०४ मध्ये तो समुद्र ओलांडून इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसल युनायटेडकडे गेला. राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा फुलबॅक, ही त्याची जागा. तिथे तो एकोणीस वर्षं राहिला.

त्या दशकातला न्यूकॅसल हा इंग्लंडमधला सगळ्यात विचारी संघ होता असं मला वाटतं. संघात स्कॉटिश खेळाडू बरेच. जोरात लाथ मारून पुढे धावण्याऐवजी लहान पास देत चेंडू पुढे नेण्याची त्यांची पद्धत होती. कर्णधार कॉलिन वीच खेळाडूंच्या संघटनेतही पुढे होता. १९०५, १९०७ आणि १९०९ अशी तीन लीग विजेतेपदं या संघाने घेतली. त्यातल्या तिसऱ्या हंगामात स्वतःच्याच मैदानावर शेजारच्या संडरलंडकडून ९-१ असा मार खाल्ला आणि तरीही वर्षाअखेरी विजेता न्यूकॅसलच. अशा संघात एक बचावपटू नियमाच्या पुस्तकाकडे नव्या नजरेने बघू लागला, यात मला नवल वाटत नाही.

आता पुन्हा टेबलावर.

जुना नियम मांडून बघू. पास घेणाऱ्यापासून गोलरेषेपर्यंत समोरचे तीन जण हवेत. त्या काळी संघांची रचना ठरलेली असे: मागे दोन फुलबॅक, मधे तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. म्हणजे गोलकीपर आणि दोन फुलबॅक धरून बरोबर तीन. फॉरवर्डला दोन्ही फुलबॅकच्या अलीकडे राहूनच पास घ्यावा लागे. एकाला जरी ओलांडून उभा राहिला तरी ऑफसाइड.

मी स्ट्रायकर मागे ठेवला आणि त्याच्यापुढे दोन काळ्या सोंगट्या: एक डावीकडची, एक उजवीकडची. त्यांच्या अलीकडे, अगदी लगटून, एक पांढरी. लाल राणी तिच्या बरीच मागे, पास देणाऱ्याच्या पायाशी. मग उजवीकडची काळी सोंगटी बोटाने चार इंच पुढे सरकवली, पांढरीच्याही पलीकडे.

“आता पांढरीच्या मागे किती उरले?” मी विचारलं.

“दोन. डावीकडची आणि गोलकीपर.”

“आणि हवेत किती?”

“तीन. म्हणजे ऑफसाइड!” मग ती जरा थांबली. टेबलाकडे बघत म्हणाली, “पण मामा, पांढरी सोंगटी तर हललीच नाही.”

हेच ते. पांढरी हललीच नाही. फॉरवर्ड जिथे होता तिथेच आहे, काहीच चुकलं नाही त्याचं. पास निघायच्या आधी एक फुलबॅक चार पावलं पुढे आला आणि नियमाने फॉरवर्डला गुन्हेगार ठरवलं. मॅक्रॅकन हेच करायचा. चेंडू कुणाच्या पायाशी आहे, तो मान वर करून कुठे बघतो आहे, पाय मागे कधी नेतो आहे, हे सगळं वाचायचं आणि पाय चेंडूला लागायच्या अर्धा क्षण आधी पुढे यायचं. आधी आलास तर फॉरवर्ड सावध होऊन मागे सरकतो. उशीर झाला तर पास निघून गेलेला असतो. याला धावण्यापेक्षा नजर लागते.

भाचीने त्यानंतर विचारलेला प्रश्न मला फार आवडला. “आणि अंदाज चुकला तर? तो पुढे आला आणि तेवढ्यात पास निघून गेला तर?”

डावीकडची सोंगटी आहे ना, मी म्हटलं. आणि या जुन्या नियमाचं सगळं मर्म इथेच आहे. तीनाच्या हिशेबात एक फुलबॅक पुढे आला तरी दुसरा मागे पहाऱ्याला राहू शकतो. डाव साधला तर फुकटात चेंडू मिळतो. फसला तरी समोर अजून एक फुलबॅक आणि गोलकीपर आहेतच. फायदा मोठा आणि जोखीम थोडी. असा सौदा रोज मिळत असेल तर कुठलाही शहाणा माणूस तो रोज करणार.

हा डाव एकट्या मॅक्रॅकनने शोधला असं म्हणणं बरोबर नाही. नॉट्स काउंटीच्या मॉर्ली आणि माँटगोमेरी या फुलबॅक जोडीचं नावही त्यासाठी घेतलं जातं. मॅक्रॅकनने मात्र त्याची कला केली. वर्षानुवर्षं, जोडीदार बदलले तरी, तोच डाव तेवढ्याच सफाईने. शेवटच्या वर्षांत डावीकडे फ्रँक हडस्पेथ होता आणि या दोघांचं नाव एकत्रच घेतलं जायचं.

नियमपुस्तकातल्या आणखी दोन गोष्टींनी या डावाला हातभार लावला. त्या सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट १९०७ ची. त्याआधी मैदानात कुठेही ऑफसाइड होता येई, अगदी स्वतःच्या अर्ध्या भागातही. १९०७ मध्ये ठरलं की स्वतःच्या अर्ध्यात ऑफसाइड नाही. हा बदल हल्ला करणाऱ्यांच्या बाजूचा. पण त्यामुळे मधल्या रेषेला नवं महत्त्व आलं. फुलबॅकनी मधल्या रेषेजवळ ठाण मांडलं की समोरच्या फॉरवर्डना तिथवरच थांबावं लागे. दोन्ही संघांनी असं केलं की गोलकीपर सोडून वीसच्या वीस खेळाडू मैदानाच्या मधल्या अरुंद पट्ट्यात कोंबले जात. शंभर यार्डांचं मैदान, आणि खेळ चाललाय वरातीत नाचावं तेवढ्या जागेत.

दुसरी गोष्ट गोलकीपरची. आज गोलकीपर पेनल्टीच्या चौकटीबाहेर हात लावू शकत नाही. १९१२ पर्यंत त्याला स्वतःच्या सबंध अर्ध्या भागात चेंडू हाताने अडवता येत होता. न्यूकॅसलचा गोलकीपर होता स्कॉटलंडचा जिमी लॉरेन्स. मॅक्रॅकन पुढे सरकला आणि मागच्या मोकळ्या जागेत चेंडू पडला, तर पुढे धावून तो हाताने उचलण्याची मुभा गोलकीपरला होती. पहाऱ्यावरच्या फुलबॅकच्या मागे हा आणखी एक पहारा. १९१२ मध्ये तो निघाला, तरी तीनाचा आकडा कायम राहिला आणि डावही चालू राहिला.

प्रेक्षकांना हे असह्य व्हायचं. शनिवारी दुपारी कामावरून सुटून, तिकीट काढून मैदानात यायचं, आपला संघ हल्ला चढवतो आहे, सेंटर फॉरवर्ड सुटला आहे, आणि शिट्टी. परत हल्ला, परत शिट्टी. बाहेरगावच्या मैदानांवर मॅक्रॅकनच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो सुरू व्हायची. तो त्याने बिचकत नसे, उलट त्याला चेव येई. एक किस्सा इंग्रजी फुटबॉलमध्ये शंभर वर्षं फिरतो आहे. न्यूकॅसलशी खेळायला आलेल्या संघाची गाडी स्टेशनात शिरली, गार्डने शिट्टी फुंकली, तसा डब्यातला एक खेळाडू म्हणाला, “झालं, इथेच ऑफसाइड!” घडला असेल नसेल, पण खेळाडूंच्या मनात या माणसाची किती धास्ती होती ते त्यातून कळतं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं, असा प्रश्न पडेल. तोच नियम. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप चालू होता, ब्रिटिश पलटणी खेळत होत्या. जुलै १९११ मध्ये कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. तो अनवाणी पायांचा पराक्रम आपण लहानपणापासून ऐकतो. ते दोन गोल तीनाच्या ऑफसाइडमधून वाट काढून झाले होते, हे लक्षात घेतलं की त्यांची किंमत आणखी वाढते.

कपच्या बाबतीत न्यूकॅसलचं नशीब विचित्र होतं. १९०५ ते १९११ या सात वर्षांत पाच वेळा एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची, अंतिम फेरी, आणि जिंकले एकदाच. मॅक्रॅकन त्यातल्या तीन फेऱ्यांत खेळला. १९०८ मध्ये वुल्व्ह्सकडून ३-१ ने हरले. १९१० मध्ये बार्न्सलीशी आधी १-१, मग गुडिसन पार्कवरच्या फेरसामन्यात अल्बर्ट शेफर्डच्या दोन गोलांवर २-० ने विजय. १९११ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीशी ०-० आणि फेरसामन्यात १-० ने हार.

आता पैशाबद्दल. मॅक्रॅकनच्या कारकिर्दीतला हा भाग मला मैदानावरच्या डावाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडमध्ये १९०१ पासून खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती: आठवड्याला चार पौंड. तुम्ही कितीही मोठे खेळाडू असा, क्लबच्या तिजोरीत कितीही पैसा असो, नियमाने चारच पौंड. शिवाय खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे, करार संपला तरी. पंचवीस-तीस हजार लोक तिकीट काढून बघायला येत असताना हे चालू होतं. याच रागातून १९०७ मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि १९०९ मध्ये संपाची वेळ आली.

देशाकडून खेळण्याचे पैसे वेगळे मिळत. इंग्लंडची संघटना आपल्या खेळाडूंना देई, त्याच्या मानाने आयरिश संघटना फारच थोडे. १९०८ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी मॅक्रॅकनने मागणी केली की इंग्लंडच्या खेळाडूला मिळतं तेवढंच मलाही मिळावं. एकाच मैदानावर, एकाच सामन्यात, तेवढीच नव्वद मिनिटं घाम गाळणाऱ्याची ही मागणी होती. आयरिश संघटनेने ती धुडकावली आणि त्याला संघातून काढलं. साधं काढलं नाही, दारच बंद केलं.

त्याची किंमत त्याने केवढी मोजली बघा. तेव्हा तो पंचविशीत होता, इंग्लंडमधल्या सर्वोत्तम संघाचा राइट बॅक, खेळाच्या भरात. १९०८ पासून महायुद्ध सुरू होईपर्यंतचा एकही आंतरराष्ट्रीय सामना त्याच्या वाट्याला आला नाही. १९१४ मध्ये आयर्लंडने ब्रिटिश बेटांवरच्या चार देशांची स्पर्धा पहिल्यांदाच एकट्याने जिंकली. आयरिश फुटबॉलमधलं त्या काळचं सगळ्यात मोठं यश, आणि देशाचा सगळ्यात नावाजलेला फुलबॅक त्या संघात नाही. युद्ध संपल्यावर दार उघडलं, तेव्हा तो छत्तिशीत होता. तरी तो खेळला. शेवटचा सामना मार्च १९२३ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध. तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. पहिला सामना १९०२ चा, शेवटचा १९२३ चा: एकवीस वर्षांची कारकीर्द, आणि तिच्या मधोमध डझनभर वर्षांचं भगदाड.

युद्धाने क्लबच्या खेळातलीही चार वर्षं नेली. १९१५ ते १९१९ लीग बंद होती. तरीसुद्धा न्यूकॅसलसाठी त्याचे सामने चारशेच्या वर भरतात.

१९२३ च्या सुरुवातीला तो हल सिटीचा मॅनेजर होऊन न्यूकॅसलहून निघाला. आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मॅक्रॅकनच्या त्रासाला कंटाळून नियम बदलला, असं सरसकट लिहिलं जातं. नियम बदलला १९२५ मध्ये. तेव्हा तो खेळत नव्हता. तोवर त्याचा डाव इंग्लंडभर पसरला होता. जो तो फुलबॅक तेच करत होता, बहुतेक जण त्याच्याइतक्या सफाईने नाही, पण गोल आटवायला तेवढं पुरत होतं. एकटा मॅक्रॅकन असता तर त्याला लोकांनी एक चमत्कार म्हणून सहन केलं असतं. सगळेच मॅक्रॅकन झाले तेव्हा खेळ गुदमरला.

स्कॉटिश संघटना तीनाचे दोन करा असं कित्येक वर्षं सुचवत होती आणि प्रस्ताव पडत होता. फेब्रुवारी १९२५ मध्ये न्यूकॅसल आणि ‘बरी’ नावाचा क्लब यांचा सामना ०-० सुटला. न्यूकॅसलची त्या हंगामातली ही सहावी गोलशून्य बरोबरी. पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, ४६२ सामन्यांत त्या वर्षी गोल झाले ११९२, म्हणजे सामन्यामागे २.५८. आज हा आकडा वाईट वाटणार नाही, पण पाच-पाच फॉरवर्ड घेऊन खेळणाऱ्या त्या काळाला तो दुष्काळ वाटला. मैदानं ओस पडतील ही भीती खरी होती.

दोन उपाय प्रयोगादाखल खेळवून बघितले. एकात गोलपासून चाळीस यार्डांवर एक वेगळी रेघ आखायची, फॉरवर्डने ती ओलांडेपर्यंत ऑफसाइड धरायचाच नाही. दुसऱ्यात तीनाचे दोन करायचे. दुसरा उपाय सोपा होता. मैदानावर नवी रेघ नको, लाइनमनला नवी डोकेदुखी नको. जून १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम मंडळाने स्कॉटिश प्रस्ताव मंजूर केला. या मंडळावर बेलफास्टची संघटनाही बसत होती, मॅक्रॅकनला दार बंद करणारी तीच.

दोन आकडा आल्यावर काय होतं ते टेबलावर बघा. तीच मांडणी: स्ट्रायकर, दोन काळ्या, एक पांढरी. उजवीकडची काळी पुढे सरकवा. पांढरीच्या मागे उरले डावीकडची आणि गोलकीपर, म्हणजे दोन, म्हणजे ऑफसाइड नाही. आता सापळा लावायचा तर दोन्ही फुलबॅकनी एकाच वेळी पुढे यायला हवं. आणि अंदाज चुकला तर मागे कोण? एकटा गोलकीपर. पहाऱ्यावरचा माणूस गेला. डाव तोच राहिला, पण त्याचा विमा काढून घेतला.

परिणाम पहिल्याच दिवशी दिसला. २९ ऑगस्ट १९२५ ला हंगाम सुरू झाला आणि ॲस्टन व्हिलाने बर्नलीला १०-० ने हरवलं. हंगाम संपला तेव्हा पहिल्या डिव्हिजनमधले गोल ११९२ वरून १७०३ वर गेले होते. सबंध फुटबॉल लीगमध्ये ४७०० चे ६३७३ झाले, सामन्यांची संख्या तेवढीच असताना. १९२७ मध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या डिव्हिजनमध्ये एका हंगामात ५९ गोल केले. पुढच्याच वर्षी एव्हर्टनच्या डिक्सी डीनने पहिल्या डिव्हिजनमध्ये ६०. तो विक्रम अजून उभा आहे.

मग बचाव करणारे गप्प बसले का? मुळीच नाही. ३ ऑक्टोबर १९२५ ला आर्सेनल न्यूकॅसलला खेळायला गेले आणि ७-० ने हरून आले. आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन त्याच उन्हाळ्यात रुजू झाला होता. संघातला अनुभवी फॉरवर्ड चार्ली बकन याचं म्हणणं असं की मधला हाफबॅक खाली ओढा, दोन फुलबॅकच्या मधे उभा करा, त्याने फक्त समोरच्या सेंटर फॉरवर्डवर नजर ठेवावी. चॅपमनने ते मानलं. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला त्यांच्या मैदानावर ४-० ने हरवलं. नियमाने काढून घेतलेला पहारेकरी चॅपमनने हाफबॅकमधून परत आणला. दोन बॅकचे तीन बॅक झाले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये सगळे असेच खेळले. नियमात एक आकडा कमी झाला आणि मैदानावर बचावात एक माणूस वाढला, इतका साधा हिशेब आहे हा.

मॅक्रॅकनची या गोष्टीशी पुन्हा एकदा गाठ पडायची होती. १९३० च्या एफए कपमध्ये त्याचा हल सिटी संघ, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तळाशी झगडत असलेला, एकामागून एक मोठे क्लब गारद करत निघाला. मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत समोर आलं न्यूकॅसल, जिथे त्याचं तारुण्य गेलं होतं. तिथे १-१, मग हलच्या मैदानावर फेरसामना १-०. मॅक्रॅकनच्या संघाने न्यूकॅसलला बाहेर काढलं.

उपांत्य फेरीत समोर चॅपमनचं आर्सेनल. एका बाकावर तीनाच्या नियमातली फट शोधणारा माणूस, दुसऱ्यावर दोनाच्या नियमाला उत्तर शोधणारा. लीड्सच्या एलँड रोडवर मध्यंतराला हल २-० ने पुढे होतं. इतकं पुढे की वेम्ब्ली दिसायला लागलं असेल. शेवटी आर्सेनलने २-२ केले. ॲस्टन व्हिलाच्या मैदानावरच्या फेरसामन्यात हलचा एक खेळाडू बाहेर काढला गेला आणि आर्सेनल १-० ने जिंकलं, पुढे कपही जिंकला. हल त्याच हंगामात तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं.

१९३१ मध्ये मॅक्रॅकनने हल सोडलं. मग गेट्सहेड, मग मिलवॉल, आणि १९३७ पासून बारा वर्षं ऑल्डरशॉट. ऑल्डरशॉट हे लष्करी छावणीचं गाव. दुसऱ्या महायुद्धात देशभरातले नामांकित खेळाडू सैनिक म्हणून तिथे येऊन पडले, आणि या लहानशा क्लबला स्टॅन कलिस, जो मर्सर, टॉमी लॉटन असे पाहुणे खेळाडू लाभले. युद्ध संपलं तसे ते आपापल्या क्लबला परतले.

त्यानंतर तो खेळाडू हेरण्याचं काम करत राहिला, म्हातारपणी कित्येक वर्षं. न्यूकॅसलसाठीसुद्धा हे काम त्याने केलं. मैदानाच्या कडेला उभं राहून कोवळ्या पोरांचे पाय बघायचे, चेंडू येण्याआधी पोरगा मान वर करतो का ते बघायचं. जानेवारी १९७९ मध्ये हल शहरात त्याचा मृत्यू झाला. ९६ वा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता.

भाचीने जाताना विचारलं, की त्याला इंग्लंडच्या खेळाडूंएवढे पैसे शेवटी मिळाले का. मी तिला १९१४ च्या विजेत्या संघाची यादी दाखवली. तिने ती दोनदा वाचली, बोट ठेवून, आणि मग उजवीकडची काळी सोंगटी पुन्हा जागेवर नेऊन ठेवली.